लेपर्ड गेकोची अंडी घरी कशी उबवावीत

कोंबडी आपली अंडी सतत फिरवत असते, म्हणून गेको या पाळीव पालीचीही फिरवायची असतील असं समजून पुष्कळ अंडी वाया जातात. इथे नेमकं उलटं आहे. अंडं घातल्यावर दिवसभरातच गर्भ आतून वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. म्हणून सगळी तयारी आधी करायची आणि नंतर हात आवरायचा.

हे सगळं बंदिवासात जन्मलेल्या पाळीव लेपर्ड गेकोबद्दल आहे. आपल्याकडच्या रानात त्याचा एक भाऊबंद सापडतो, तो पकडून आणायचा नाही.

मादी निदान वर्षाची आणि ४५ ग्रॅमच्या पुढची असावी. जोडी लावल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत पोटाच्या पातळ कातडीतून दोन लांबट अंडी दिसू लागतात. तेव्हा तिच्या टाकीत झाकणाचा डबा ठेवा, त्यात ओलसर मॉस (शेवाळ) भरा आणि बाजूला तिला आत शिरता येईल एवढं भोक पाडा. ती उकरू लागली की रोज सकाळी डबा बघायचा. एका रात्रीत पोट खपाटीला गेलेलं दिसलं तर अंडी आलीच. कोरड्या जागी पडलेलं अंडं लवकर आकसतं, तेव्हा टाकीचे कोपरेही बघा.

अंडी उचलण्याआधी, आहेत तिथेच, वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने बारीक खूण करा. ट्यूबलाइटमागच्या घरपालीच्या अंड्यांचं कवच टणक असतं, याचं मात्र चामड्यासारखं लवचीक, त्यामुळे टोक दाबू नका. दोन अंडी चिकटलेली असतील तर सोडवायला जाऊ नका, तशीच ठेवा.

उबवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा छोटा डबा आणि रोपवाटिकेत मिळणारं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज, लागतं. वजनाने एकास एक पाणी घाला: १०० ग्रॅमला १०० ग्रॅम. मूठभर घट्ट पिळल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर पाणी जास्त झालं. बोटाने खळगे करून अंडी अर्धी रुतवा, खूण वर. झाकणाला दोन-तीन बारीक भोकं पुरेत. भरलेल्या डब्याचं वजन त्याच्यावरच लिहा आणि डबा इनक्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबदार ठेवणाऱ्या पेटीत, ठेवा. पुढे जेवढे ग्रॅम कमी भरतील तेवढं पाणी उडालं, तेवढंच कोमट पाणी कडेने सोडायचं, अंड्यांवर नाही.

तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, आणि तेही उबवणीच्या सुरुवातीच्या टप्प्यातच. २६-२७ अंशांना बहुतेक माद्या, ३२ ते ३२.५ ला बहुतेक नर, ३० च्या आसपास मिश्र. ३४ च्या वर जाऊ देऊ नका. इनक्युबेटरचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर आंधळा विश्वास नको. त्याच्या सेन्सरजवळ, अंड्यांच्या पातळीवर वेगळा थर्मामीटर हवाच.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाळ्याची. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ३८ अंशांवर गेली तर आतला आकडा कितीही लावा, उपयोग शून्य. विदर्भात एप्रिल-मेमध्ये अंडी येणार असतील तर एसीची खोली आधी ठरवा, नाहीतर त्या हंगामात जोडीच लावू नका. वीज जाण्याची भीती असेल तर इनक्युबेटरमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा. तापमान हळू उतरतं.

आठवड्याभराने अंधारात, अंडं न हलवता छोटा टॉर्च कवचाला टेकवा. गुलाबी झाक आणि लाल शिरा दिसल्या तर फळलेलं. नुसतं पिवळं दिसलं तरी लगेच टाकू नका, आणखी आठवडाभर थांबा. फळलेल्या अंड्यावर थोडी बुरशी आली तर कोरड्या कापसाने टिपा. अंडं पिचकून वास मारू लागलं तरच काढायचं.

३२ अंशांना साधारण दीड महिना, २७ ला दोन महिन्यांहून अधिक लागतात. शेवटी अंड्याला खळगा पडतो, थेंब जमतात. हे ठीक आहे. पिल्लू स्वतःच कवच फाडतं आणि डोकं बाहेर काढून तासन्‌तास तसंच बसतं. ओढायचं नाही, बलक अजून आत शोषला जात असतो. बाहेर आल्यावर ओल्या टिश्यूवर वेगळं ठेवा. काही दिवसांत ते पहिली कात टाकेल. त्यानंतर कॅल्शियम लावलेले बारीक रातकिडे द्या. जोडीतलं दुसरं अंडं एक-दोन दिवस मागे राहिलं तर डबा बंद करून परत आत ठेवा.