लिनक्सवर स्वॅप फाइल सुरक्षितपणे कशी करावी

वाळपईजवळच्या आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करण्याचे काम ४ जीबी रॅमच्या एका संगणकावर चालते. मोठा अंक उघडला की माउसचा बाण जागीच थिजायचा, हार्ड डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहायचा आणि शेवटी बटण दाबून यंत्र बंद करावे लागायचे. साठवायची राहिलेली पाने गेली ती गेलीच. शोध घेतल्यावर कळले की स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची राखीव जागा, लूप डिव्हाइसवर (डिस्क असल्यासारख्या वापरलेल्या एका फाइलवर) बसवलेली होती.

रॅम भरत आली की कर्नल (लिनक्सचा गाभा) सध्या न लागणारा मजकूर स्वॅपमध्ये लिहून जागा मोकळी करते. मात्र ते लिहिण्याच्या वाटेवरच आणखी मेमरी लागत असेल, तर मेमरीसाठी स्वॅप हवी आणि स्वॅपसाठी मेमरी हवी असा पेच पडून सारे ठप्प होऊ शकते. म्हणून जागेची निवड हाच यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी मानतो. लूप डिव्हाइस, नेटवर्कवरची डिस्क आणि झेडएफएस या फाइल प्रणालीचे व्हॉल्यूम (तिने दिलेली आभासी डिस्क) टाळावे. यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरचे ईएक्सटी४ या साध्या फाइल प्रणालीचे विभाजन (पार्टिशन) घ्यावे. बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली असल्यास स्वॅप फाइलपुरते कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणे) आणि कॉम्प्रेशन बंद असावे लागते.

प्रथम ‘डीएफ’ (df) या आज्ञेने मोकळी जागा पाहावी. मग रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने ‘डीडी’ (dd) वापरून, १ एमबीचे ४०९६ ठोकळे शून्यांनी भरून, ४ जीबीची फाइल तयार करावी. ‘ट्रंकेट’ने (truncate) फाइल क्षणात बनते, पण तिच्यात पोकळ जागा राहतात आणि अशी फाइल स्वॅप चालू करणारी ‘स्वॅपऑन’ (swapon) आज्ञा स्वीकारत नाही. लगेच ‘सीएचमॉड’ने (chmod) परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, करावी, कारण मेमरीतले पासवर्डही या फाइलमध्ये उतरू शकतात आणि ते इतरांना वाचता येता कामा नयेत. त्यानंतर ‘एमकेस्वॅप’ने (mkswap) फाइलला स्वॅपचे रूप द्यावे, मग ‘स्वॅपऑन’ने ती चालू करावी आणि ‘फ्री’ने (free) खात्री करावी.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही स्वॅप चालू राहावी म्हणून ‘एफएसटॅब’मध्ये (/etc/fstab, सुरू होताना काय जोडायचे याची यादी असलेली फाइल) तिची ओळ घालावी लागते. त्याआधी ‘एफएसटॅब’ची प्रत ठेवावी आणि बदल केल्यावर ‘फाइंडमाउंट’च्या ‘व्हेरिफाय’ पर्यायाने (findmnt --verify) तपासणी करावी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ओळीतली चूक वीज परत आल्यावर उमगण्यापेक्षा आधीच सापडलेली बरी.

स्वॅप म्हणजे रॅम नव्हे. संथ हार्ड डिस्कवर १६ जीबी स्वॅप दिली, तरी सतत अदलाबदल होऊन यंत्र रेंगाळतेच. हायबरनेशन (मेमरीतला मजकूर डिस्कवर साठवून यंत्र बंद करणे) नको असेल तर अशा यंत्राला ४ जीबी पुरते, असा माझा अनुभव आहे.

जुनी स्वॅप काढताना क्रम पाळावा. नवी आधी चालू करावी, मोठे प्रोग्रॅम बंद करावेत आणि मगच जुनीवर ‘स्वॅपऑफ’ (swapoff, स्वॅप बंद करणारी आज्ञा) चालवावे, कारण त्या वेळी तिच्यातला सगळा मजकूर रॅममध्ये किंवा नव्या स्वॅपमध्ये मावावा लागतो. आज्ञा पूर्ण व्हायला काही मिनिटे लागली तरी ती मध्येच तोडू नये. ती संपल्यावर ‘एफएसटॅब’मधली जुनी ओळ काढावी आणि सर्वांत शेवटी जुनी फाइल पुसावी.