व्हिन स्कली यांच्याकडून समालोचन कसे शिकावे

खेळाचे समालोचन करू इच्छिणाऱ्याने व्हिन स्कली यांची ध्वनिमुद्रणे अवश्य ऐकावीत. न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली जन्मलेले स्कली १९५० मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे समालोचक झाले, १९५८ मध्ये संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेले आणि २०१६ पर्यंत, म्हणजे एकूण तब्बल ६७ हंगाम, त्याच संघाचे समालोचक राहिले.

सुरुवात ९ सप्टेंबर १९६५ च्या सामन्यापासून करावी. डॉजर्सचे गोलंदाज सँडी कूफॅक्स यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला तळावर (बेसवर) पोहोचू दिले नाही, त्या सामन्याच्या अखेरच्या डावात स्कली तारीख आणि घड्याळातली वेळ पुन्हा पुन्हा सांगतात. हे ध्वनिमुद्रण गोलंदाजाला आयुष्यभर जपता यावे, हा त्यामागचा विचार होता. आपणही धावफलक आणि वेळ वरचेवर सांगावी, कारण श्रोता मध्येच येऊन मिळतो. स्कलींचे गुरू रेड बार्बर तर गुणसंख्या सांगण्याची आठवण राहावी म्हणून वाळूचे घड्याळ समोर ठेवत.

त्यानंतर ८ एप्रिल १९७४ चा प्रसंग ऐकावा. हँक ॲरन यांनी कारकिर्दीतला ७१५ वा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका) मारून बेब रुथ यांचा विक्रम मोडताच स्कली चेंडू कुठे गेला एवढे सांगतात आणि बराच वेळ गप्प राहून अटलांटाच्या प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू देतात. माझ्या मते सर्वांत अवघड कौशल्य हेच आहे. सरावासाठी एखादा सामना आवाज बंद करून पाहावा, स्वतःचे समालोचन ध्वनिमुद्रित करावे आणि कोणत्या क्षणी आपण उगाच बोललो ते कागदावर टिपावे.