'मला वाटलं तुझ्याकडे आहे': मुलांना घेऊन बाहेर पडताना या चुका टाळा

डिसेंबर २०२३. नाताळची सुट्टी. आम्ही भांडुपहून, नणंद वसईहून, आणि सगळ्यांनी मिळून राणीबागेत पेंग्विन बघायचे असा बेत होता. दादरला भेटायचं आणि तिथून स्लो गाडीने भायखळा. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "एक नंबरवर भेटू." त्याच महिन्याच्या ९ तारखेपासून दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले होते. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू झाले. नवऱ्याच्या डोक्यात अजून मध्य रेल्वेचा जुना एक नंबर होता. नणंद पश्चिमेच्या एक नंबरवर उभी. दहा मिनिटं फोनाफोनी झाली, शेवटी पुलावर गाठ पडली. मिठ्या मारून झाल्या, पिशव्या इकडच्या तिकडे झाल्या, आणि मी खाली बघितलं तर माझा पाच वर्षांचा मुलगा तिथे नव्हता.

"अगं, मला वाटलं तुझ्याकडे आहे," नवरा म्हणाला.

"मला वाटलं आत्याने हात धरलाय."

तो पुलाच्या खाली, सरबताच्या स्टॉलसमोर उभा होता. काचेच्या टाकीत पिवळं सरबत वर उडून खाली पडत होतं, ते बघत. एका मावशींनी त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये आपली भाजीची मोठी पिशवी ठेवली होती आणि एका हाताने त्याची कॉलर धरून ठेवली होती. नंतर फोनमध्ये पाहिलं, तर त्याला शोधतानाच्या पहिल्या कॉलपासून शेवटच्या कॉलपर्यंत नऊ मिनिटं गेली होती. ती नऊ मिनिटं आजही आठवली की माझे तळहात ओले होतात.

त्या दिवशी आमच्यात मोठी माणसं चार होती, म्हणून मूल हरवलं. एकटी असते तर मी त्याचा हात सोडलाच नसता. सगळे बघतायत असं वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं, आणि पुढच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातून निघतात.

हात कुणाकडे, हे नाव घेऊन ठरवा

"लक्ष ठेव हं," हे वाक्य आमच्या घरात बंद झालंय. आता सांगायचं ते असं: "दादर ते भायखळा मुलगा बाबाकडे, छोटी माझ्याकडे, पिशव्या आत्याकडे." ज्याच्याकडे मूल आहे त्याने फोन उचलायचा नाही, तिकीट काढायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मूल दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर तोंडाने बोलायचं, "घेतलास ना?" आणि समोरून "घेतला" असं उत्तर आल्याशिवाय हात सोडायचा नाही. सुरुवातीला सासूबाईंना हे फार वाटलं. आता लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी त्याच विचारतात, "छोटी कुणाकडे आहे गं?"

भेटायची जागासुद्धा नंबरावर ठरवू नका. फलाट क्रमांक बदलतात, इंडिकेटरवरची गाडी दुसऱ्याच फलाटावर येते. तिकीट खिडकी, पुलाचा पहिला जिना, स्टेशन मास्तरांच्या ऑफिसचा दरवाजा अशी न हलणारी जागा सांगा. आणि दादरला मध्य की पश्चिम, हे दोनदा विचारा.

"अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढंच शिकवणं

ही माझी स्वतःची मोठी चूक. त्या दिवशी त्या मावशींनी नाव विचारलं, नंबर विचारला, पण मुलगा गप्प. मीच शिकवलं होतं ना, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही! हरवलेल्या मुलाला अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं, म्हणून कुणाशी बोलायचं हे शिकवायला हवं. आम्ही तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत: गणवेशातले पोलीस, काउंटरच्या मागे उभा असलेला दुकानदार, आणि सोबत लहान मूल असलेली बाई. त्यांना आईचा नंबर सांगायचा, पण त्यांच्यासोबत तिथून दुसरीकडे जायचं नाही.

नंबर पाठ करून घ्या, पण एकच. आम्ही तो बे एकं बे च्या चालीवर म्हणतो. पाठ झाला असं समजून थांबू नका. मुलाला एकदा शेजाऱ्यांच्या फोनवरून तो लावायला सांगा. आमचा मुलगा दहा आकडे घडाघडा म्हणायचा, पण लावताना दोन आकड्यांची अदलाबदल करायचा. हे घरी कळलं ते बरं झालं.

लोकलसाठी वेगळा नियम आहे आणि तो निघण्यापूर्वी दर वेळी म्हणून घ्यायचा. तू फलाटावर राहिलास आणि आम्ही गाडीत गेलो, तर जागचा हलू नकोस, आम्ही परत येतो. तू गाडीत राहिलास आणि आम्ही फलाटावर, तर बाजूच्या मावशीला सांग, पुढच्या स्टेशनला तिच्या मदतीने उतर आणि तिथल्या बाकावर बस. उलट-सुलट प्रवास करून एकमेकांना चुकवणं हा खरा धोका असतो. दोघांपैकी एकाने स्थिर राहिलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मुलाचं नाव बॅगेवर, टोपीवर, पाण्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत बाहेरून लिहू नका. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. नाव आणि नंबर कपड्याच्या आतल्या बाजूला, कॉलरच्या पट्टीवर. कुणी शाळेच्या गेटवर येऊन "आईने पाठवलंय" म्हणालं, तर परवलीचा शब्द विचारायचा. तो शब्द घरातल्या चौघांनाच माहीत असतो, आणि एकदा वापरला की बदलायचा.

सुट्टीचा वार बघितला, बंदचा वार नाही

राणीबाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि एलिफंटाची लेणी सोमवारी बंद. मुलं सकाळी सहाला उठून तयार झालेली असतात, त्यांना गेटवरून परत आणणं फार जड जातं.

रविवारी निघणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठला रेल्वेमार्ग बंद आहे, ते शनिवारीच बघा. मध्य, हार्बर, पश्चिम, तिन्हीकडे कुठे ना कुठे असतोच. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवलेल्या, गर्दी दुप्पट, आणि कडेवर तीन वर्षांचं मूल. आम्ही आता ब्लॉकच्या आधी पोचतो आणि तो संपल्यावरच परत निघतो. मधला वेळ बागेतच काढायचा.

एका दिवसात दोन ठिकाणं हा मोह आवरा. राणीबाग आणि मग गिरगाव चौपाटी, असं कागदावर सोपं दिसतं. दुपारी दोनला मूल झोपेला येतं, उन्हाने लाल होतं, आणि थकलेलं मूलच हात सोडून पळतं.

समुद्रावर जाताना भरतीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असते त्या दिवशी चौपाटीचा बेत रद्द, चर्चा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जुहू, गिरगाव, दादरच्या वाळूवर निळे फुगे पडलेले दिसतात, ते ब्लू बॉटल नावाचे विषारी समुद्री जीव. मुलांना ते खेळणं वाटतं. मेलेला असला तरी त्याचा धागा डसतो. डसलाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागा उघड्या हाताने न धरता काढा आणि डॉक्टरांकडे जा.

बोटीत बसवताना लाइफ जॅकेट बोट सुटायच्या आधी घालायचं, आणि लहान मापाचं मागायचं. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेवरून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्या बोटीत लहान मुलंही होती. तेव्हापासून मी जॅकेटची दोरी स्वतःच्या हाताने ओढून बघते. बोटवाल्याला घाई असली तरी.

पावसाळी धबधब्यांबद्दल तर मला हात जोडून सांगावंसं वाटतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक अख्खं कुटुंब एकमेकांना धरून उभं होतं आणि पाणी क्षणात वाढलं. वर डोंगरात पाऊस पडतोय की नाही, हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. घोट्याएवढं पाणी आहे म्हणून मुलाला मध्ये उभं करून फोटो काढू नका.

गावाचं तिकीट

अजूनही लोक चार महिने आधीचा हिशोब धरतात. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. सकाळी आठला खिडकी उघडते आणि गणपतीत कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर आजच लिहा आणि तिकीट कोण काढणार हेही नाव घेऊन ठरवा. आमच्याकडे एका वर्षी नवऱ्याला वाटलं दिराने काढलं, दिराला वाटलं नवऱ्याने.

दुसरी चूक पैसे वाचवण्याची. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पण त्याला बर्थ नाही. पाच ते बारामधल्या मुलाला बर्थ हवा तर २०१६पासून पूर्ण भाडं, नको तर अर्धं. रात्रभराच्या कुडाळच्या प्रवासात नऊ वर्षांचं मूल आणि तुम्ही एका बर्थवर, हे झेपत नाही. अर्धं तिकीट दिवसाच्या छोट्या प्रवासाला ठीक.

स्कूटरवरून जवळपास जातानाही, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हा नियमच आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. गाडीत मूल मागच्या सीटवर. पुढे मांडीवर घेऊन बसणं लाडाचं वाटतं, पण एअरबॅग उघडली तर तो मार मुलाला बसतो.

भेटवस्तू: वाढदिवस ज्याचा आहे त्याच्यापेक्षा घरात लहान कोण, ते विचारा

क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक खेळणी घेताना आपण वाढदिवसाच्या मुलाचं वय बघतो. सात वर्षांच्या मुलाला चुंबकाचे मणी, बारीक ठोकळे छानच. पण मुंबईतल्या वन बीएचकेत ते खेळणं पलंगाखालून थेट त्याच्या दीड वर्षांच्या बहिणीच्या तोंडात जातं. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळशांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, आणि मग ऑपरेशनच. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही तसेच, पोटात जाऊन फुगतात.

माझी चाचणी साधी आहे. किचन टिश्यूच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्यायची. त्यातून जे आरपार जातं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घरात द्यायचं नाही. फळांच्या आकाराचे, वासाचे खोडरबर रिटर्न गिफ्टमध्ये फार चालतात, ते या चाचणीत दर वेळी नापास होतात.

सगळ्यात जास्त भीती मला बटण सेलची वाटते. गणपतीच्या गर्दीत विकतात ती चमकणारी शिंगं, फिरणारे भोवरे, लुकलुकणाऱ्या अंगठ्या उलट्या करून बघा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, नखाने उघडत असेल, तर घेऊ नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. शंका जरी आली तरी उलटी करवू नका, केळं भरवू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा आणि "बटण सेल" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. म्हणजे एक्स-रे आधी होतो.

१ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. त्या खुणेसोबत सीएम/एलने सुरू होणारा क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं, ते खोक्यावरच्या नावाशी जुळवा. दुकानात उभ्या उभ्या अर्धं मिनिट लागतं.

आणि वाढदिवस संपल्यावर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे आधी गोळा करा, मग आवराआवर. ओला रबराचा तुकडा घशाला चिकटून बसतो.

तरीही मूल दिसेनासं झालं तर

सगळ्यांनी सगळीकडे धावू नका. ज्याने मूल शेवटचं पाहिलं तो तिथेच थांबेल, कारण मूल बहुतेक वेळा तिथेच परत येतं. दुसरा मोठ्याने हाक मारत जाईल, आणि नुसतं नाव न घेता "निळा शर्ट, पाच वर्षांचा मुलगा, बघितला का?" असं विचारेल. आजूबाजूचे लोक नावाने शोधू शकत नाहीत, रंगाने शोधतात. तिसरा स्टेशन मास्तरांकडे किंवा रेल्वे पोलिसांकडे जाऊन घोषणा करायला सांगेल. रेल्वेत १३९, कुठेही ११२, आणि मुलांसाठी १०९८. आधी आपण शोधू, मग फोन करू, असं करत बसू नका. समुद्र, तलाव, सोसायटीची पाण्याची टाकी जवळ असेल तर सगळ्यात पहिल्यांदा तिकडे बघा.

यासाठी आम्ही घरातून निघताना दारातच प्रत्येक मुलाचा डोक्यापासून चपलेपर्यंत एक फोटो काढतो. त्या दिवशी दादरला मला कुणीतरी विचारलं होतं, चप्पल कुठली घातलीय? मला सांगता आलं नव्हतं.