दसऱ्यानंतर रुसलेला पीएलसी

खंडेनवमीला मशीन पुसायचं, पॅनेलला हार घालायचा, मेन स्विच पाडायचा आणि पेढे घेऊन घरी जायचं. सुट्टी संपली की सकाळी सात वाजता मला फोन येतो. "दादा, परवापर्यंत मस्त चालू होतं हो, कुणी हातसुद्धा लावला नाही." खरंच लावलेला नसतो. फक्त मेन पाडलेला असतो, आणि जुन्या पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पॅनेलमधल्या छोट्या कंप्युटरला, तेवढं पुरतं.

भोसरीत पॅनेलची कामं करून माझी वीसेक वर्षं गेली. खाली लिहितोय ते सीमेन्सच्या एस७-३०० मालिकेतल्या जुन्या सीपीयू ३१४ बद्दल, म्हणजे ज्यात मेन गेल्यावर प्रोग्रॅम टिकवायला सेल असतो त्याबद्दल. आपल्याकडच्या एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं मशीन) आणि प्रेसवर हा अजून भरपूर दिसतो.

पॅनेल उघडलं की आधी हात खिशात ठेवा. मोबाइलवर दिव्यांचा व्हिडिओ काढा. फोटो नको, कारण लुकलुकणं फोटोत येत नाही, आणि सगळी गोष्ट त्या लुकलुकण्यातच असते. मेन परत परत पाडून-चढवून बघू नका.

'डीसी ५ व्ही'चा हिरवा दिवाच नसेल तर भांडण सप्लायशी आहे. पीएस ३०७ या सप्लायचे २४ व्होल्ट सीपीयूच्या एल-प्लस (प्लस) आणि एम (मायनस) टर्मिनलवर मोजा, तेही सगळा लोड जोडलेला असताना. वायर सुटी करून मोजलं तर मरायला टेकलेला सप्लायही २४ दाखवतो. सीपीयूला २०.४ ते २८.८ व्होल्ट चालतात. मग मीटर एसी रेंजवर टाका. दोन-तीन व्होल्ट दिसले तर आतले कपॅसिटर म्हातारे झालेत असं समजा. (मीटर जरा बरा वापरा. स्वस्तातले काही शुद्ध डीसीवरही एसी दाखवतात.)

सप्लायचा स्वतःचा दिवा लुकलुकत असेल तर बाहेर कुठेतरी ओव्हरलोड आहे. शॉर्ट पूर्ण असेल तर तो दिवा विझतोच. मेन बंद करून सेन्सरकडे जाणारी २४ व्होल्टची वायर सोडवा आणि परत चालू करा. दिवा स्थिर झाला की सीपीयूला दोष देणं थांबवा आणि मशीनखाली वाका. एका लेथवर माझी पूर्ण दुपार गेली होती. शेवटी चकच्या गार्डमागे प्रॉक्सीची (प्रॉक्सिमिटी सेन्सरची) केबल सापडली. कूलंटने इन्सुलेशन चिवट गुळासारखं झालेलं आणि आत बुरादा रुतलेला.

२४ ठीक आहेत, तरी ५ व्होल्टचा दिवा नाही? सीपीयूशेजारचं एखादं इनपुट-आउटपुट मॉड्यूल, सगळ्यांना जोडणारी मागची बस खाली ओढत असेल. मेन बंद करून उजव्या टोकापासून एकेक काढत या. मॉड्यूलच्या पाठीमागचा यू आकाराचा बस कनेक्टर नीट बसलाय का तेही बघा. दसऱ्याला पॅनेलमध्ये हवा मारणाऱ्यांची कृपा असते ती.

आता खरा आजार. 'बॅटएफ'चा, म्हणजे सेल गेल्याचा, लाल दिवा लागलाय आणि 'स्टॉप'चा पिवळा दिवा सावकाश, दोन सेकंदांत एकदा लुकलुकतोय. सीपीयू स्वतःच मेमरी रिसेट मागतोय. सेल आधीच मेलेला होता, मेन चालू होता म्हणून प्रोग्रॅम टिकला. मेन पाडला आणि रॅम कोरी झाली. सेलवर मीटर लावून ३.६ व्होल्ट आले म्हणून खूश होऊ नका. लिथियमचा हा सेल शेवटपर्यंत तोच आकडा दाखवतो आणि मग एकदम बसतो.

रिसेट असा करायचा: सीपीयूवरची किल्ली एमआरईएसला (मेमरी रिसेटला) फिरवून धरा, 'स्टॉप' दुसऱ्यांदा लागून स्थिर झाला की सोडा आणि तीन सेकंदांच्या आत परत फिरवा. दिवा भराभर लुकलुकला की काम झालं. फ्लॅश कार्ड बसवलेलं असेल तर प्रोग्रॅम त्यातून आपोआप परत येतो. नसेल तर लॅपटॉपवरचा बॅकअप टाका. बॅकअप नसेल तर मशीन बनवणाऱ्याचा नंबर शोधायला घ्या.

पण 'स्टॉप' लुकलुकत नसून स्थिर असेल, तर किल्लीला हात लावू नका! प्रोग्रॅम आत असण्याची शक्यता आहे आणि तुमच्या रिसेटने तो जाईल. आधी एमपीआय अडॅप्टरने (सीपीयूला लॅपटॉप जोडायची केबल) प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या, मग डायग्नोस्टिक बफर, म्हणजे सीपीयूची बिघाडांची नोंदवही, वाचा. कुठलं मॉड्यूल बोंबलतंय ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

नवा सेल सीपीयू चालू असतानाच बदलायचा. 'रन'ला टाकण्याआधी हायड्रॉलिक बंद ठेवा आणि इमर्जन्सी दाबून ठेवा, कारण स्लाइड कुठे थांबलेली असेल ते कुणालाच आठवत नसतं.

मी आता पॅनेलच्या दाराला आतून मार्करने सेल बदलल्याची तारीख लिहितो, आणि हार घालायच्या आदल्या दिवशी जाऊन नवा बसवून येतो. पेढेही मिळतात.