जुलाब लागल्यावर घ्यायची काळजी आणि आतड्यातली लढाई

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना जुलाब लागले, तर सर्वांत आधी शरीरातले पाणी सांभाळावे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. ही साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशी ग्लुकोजसोबत सोडियम आत ओढतात आणि त्यामागोमाग पाणी जाते.

घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र मनाने देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. आतड्यातले रहिवासी जिवाणू जागा आणि अन्न अडवून रोगजंतूंना रोखतात. गोळीने तेही मरतात. साल्मोनेला हा जुलाब घडवणारा जिवाणू तर आणखी चिवट असतो. आतड्याच्या अस्तरातून आत शिरल्यावर त्याला गिळणाऱ्या मॅक्रोफेज या रक्षक पेशीतच तो तग धरतो, आणि रोगप्रतिकारक पेशींमुळे आलेल्या दाहातून तयार होणारी काही रसायने वापरून रहिवाशांपेक्षा वेगाने वाढतो.

म्हणून ताप किंवा शौचात रक्त दिसल्यास जुलाब थांबवणारी गोळीही टाळावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लहान मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर क्षणभरही थांबू नये. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मोठ्यांना मऊ भात, वरण, ताजे ताक द्यावे. उघड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पूर्ण बंद ठेवावा.