क्यूएमूतला पॅच तपासायचाय? आधी मॅन्युअल उघडा

सोलापुरात राहून सिस्टम प्रोग्रामिंग जमतं का, असं जुळे सोलापूर नि होटगी रोडकडची इंजिनिअरिंगची पोरं मला नेहमी विचारतात. बहुतेकांनी मनाशी पक्कं केलेलं असतं की त्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठावंच लागतं. मी त्यांना पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिहायला सांगतच नाही, क्यूएमूत दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती तपासायला (म्हणजे रिव्ह्यू करायला) सांगतो. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "दादा, कोड बघूनच डोकं फिरायलंय, मी काय रिव्ह्यू करणार?"

कोड नंतर बघायचा. क्यूएमू हे फाब्रिस बेलार यांनी २००३मध्ये आणलेलं, एका कॉम्प्युटरच्या आत दुसऱ्या कॉम्प्युटरची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर. आतल्या नकली कॉम्प्युटरला गेस्ट म्हणतात. केव्हीएम ही लिनक्समधली सोय जोडली की गेस्टच्या बहुतेक इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा) थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. केव्हीएम नसेल, तर टीसीजी नावाचा भाग प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं भाषांतर करतो. प्रोसेसरच्या नकलेत चूक असेल तर ती इथे सापडते. म्हणून तपासताना केव्हीएम बंद ठेवा, नाहीतर बग दिसणारच नाही आणि तुम्ही खुशाल "चालतंय" म्हणून मोकळे व्हाल.

शिकायला मला बीझेडएचआय ही इन्स्ट्रक्शन फार आवडते. ती बीएमआय-२ या इन्स्ट्रक्शनच्या संचातली, इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरबरोबर २०१३मध्ये आलेली. काम एवढंच: दिलेल्या संख्येतले एन क्रमांकापासून वरचे सगळे बिट शून्य करायचे (क्रमांक शून्यापासून मोजायचे). एन घेतला जातो दुसऱ्या रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या संख्या ठेवायच्या कप्प्याच्या) खालच्या ८ बिटांतून, म्हणजे तो ० ते २५५ काहीही असू शकतो. आता रजिस्टर ३२ बिटांचं आहे आणि एन आला ४०. काय करायचं? इंटेलच्या मॅन्युअलमध्ये 'ऑपरेशन' या भागात सरळ लिहिलंय: काहीही पुसू नका, कॅरी फ्लॅग (निकालाबरोबर प्रोसेसर ठेवतो ती एका बिटाची खूण) १ करा. क्यूएमूतला जुना कोड मात्र ३१च्या वरचा एन ओढून ३१वर आणायचा. त्यामुळं ४० दिला की बिट ३१ विनाकारण पुसला जायचा. २०२३ साली हे दुरुस्त झालं.

अशी दुरुस्ती समोर आली की आधी उत्तरं हातानं काढून ठेवा. सगळे बिट १ असलेली संख्या घ्या आणि एनच्या रजिस्टरमध्ये ०, ३१, ३२, ६३, ६४, २५५, २५६ द्या. ३२-बिटमध्ये ३१ला कॅरी ०, ३२ला १. ६४-बिटमध्ये हाच सांधा ६३ नि ६४मध्ये. २५६वर पोरं हमखास अडतात: खालचे ८ बिट शून्य, म्हणजे एन शून्य, म्हणजे उत्तरही शून्य आणि झिरो फ्लॅग (उत्तर शून्य आल्याची खूण) १. हा कागद हातात असला की मगच डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, उघडा.

डिफमध्ये एक जागा खटकेल. नवा कोड आधी शिफ्ट करतो, म्हणजे बिट एन जागा सरकवतो, आणि एन मर्यादेत होता का ते नंतर बघतो. रजिस्टरच्या रुंदीपेक्षा जास्त शिफ्ट? सी भाषेत हे पापच. पण टीसीजीच्या नियमांत अशा शिफ्टचं उत्तर काहीही येऊ शकतं, प्रोग्राम मात्र कोसळत नाही. आणि ते उत्तर पुढच्याच पायरीला टाकून दिलं जातं. म्हणजे चालतं. ही शंका विचारणं आणि तिचं उत्तर स्वतः शोधणं, यालाच मी रिव्ह्यू म्हणतो. स्पेलिंगच्या चुका काढणारे पुष्कळ भेटतात.

चाचणी इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सी कोडमध्येच इन्स्ट्रक्शन थेट नावानं घालून, लिहा. साधं फंक्शन वापरलं तर कंपायलर शहाणपणा करून उत्तर आधीच काढून ठेवतो आणि इन्स्ट्रक्शन चालतच नाही. माझा लॅपटॉप हॅसवेलच्या आधीच्या सँडी ब्रिज प्रोसेसरच्या काळातला. त्याच्यावर ही चाचणी थेट चालवली की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडते, पण त्याच लॅपटॉपवर क्यूएमूला 'मॅक्स' हे प्रोसेसर मॉडेल दिलं की बिनबोभाट चालते. खऱ्या प्रोसेसरचं उत्तर मात्र हवंच. नव्या पेठेतल्या मित्राच्या कापडदुकानात बिलांसाठी नवा डेस्कटॉप आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि उत्तरं उतरवून घेतली. कुणाचा तरी बऱ्यापैकी नवा पीसी प्रत्येकाच्या ओळखीत असतोच.

पॅच सीपीयूआयडीला, म्हणजे प्रोसेसरला काय काय जमतं ते सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनला, हात लावत असेल तर गोष्ट वेगळी. बीएमआय-२ आहे की नाही हे गेस्टला तिच्या लीफ ७ या भागात ईबीएक्स रजिस्टरमध्ये येणाऱ्या ८व्या बिटावरून कळतं. असा बिट अचानक बदलला, तर चालू गेस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना घोळ होतो. म्हणून क्यूएमूच्या जुन्या मशीन टाइपमध्ये (नकली कॉम्प्युटरच्या जुन्या आवृत्तीत) जुनंच वागणं राखलंय का, हे विचारा. बीझेडएचआयच्या दुरुस्तीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे फक्त चुकलेलं उत्तर बरोबर होतं.

शेवटी अभिप्राय. 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे कोड वाचून पटला, 'टेस्टेड-बाय' म्हणजे चालवून पाहिला. पहिल्या वेळी फक्त 'टेस्टेड-बाय'वर थांबलात तरी कुणी कमी लेखत नाही. सोबत कोणत्या प्रोसेसरवर ताडून पाहिलं, एनच्या कोणत्या किमती दिल्या आणि काय आलं ते लिहा. ६४-बिट तपासलं नसेल तर तेही लिहा.