कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ मोसमाआधी कसा पारखावा

आधी गेल्या वर्षीचा संघ वहीत उतरवा. बारा नावं, प्रत्येकीपुढे तिची जागा आणि वर्ग. तिसऱ्या वर्षाच्या मुलींवर खूण करा. कोणत्या जागा रिकाम्या होतायत हे कळल्याशिवाय ‘यंदा स्टेट खेळलेली मुलगी आली’ या बातमीला काही अर्थ नाही. एखादी डाव्या टोकावरून स्मॅश मारणारी आउटसाइड अ‍ॅटॅकर गेली तर संघ सावरतो. स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी सेटर गेली तर काम अवघड, कारण मधल्या जागेवरच्या मिडल ब्लॉकरला नेटजवळ दिलेला झटपट बॉल दोघींच्या पावलांच्या ठेक्यावर चालतो आणि तो ठेका रोजच्या सरावानेच जमतो. तिसरं वर्ष संपलं म्हणून नाव लगेच खोडू नका. मुलीने तिथेच एम.कॉम.ला वगैरे प्रवेश घेतला तर ती पुन्हा संघात दिसू शकते. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा २५ आहे.

मुंबईतलं कॉलेज असेल तर ते कोणत्या विद्यापीठात मोडतं हेही आत्ताच पाहा. एसएनडीटी महिला विद्यापीठ पहिल्यापासून स्वतंत्र आहे. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली, के.सी. आणि एच.आर. एचएसएनसी विद्यापीठात. मुंबई विद्यापीठाच्या ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या यादीत, ही नावं शोधत बसलात तर वेळ फुकट जाईल.

नव्या मुली मुख्यतः दोन वाटांनी येतात. पहिली वाट त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजची. अकरावी-बारावीच्या मुली जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतात, तेव्हा पुढच्या दोन वर्षांचा संघ पाहायचा असेल तर ते सामने चुकवू नका. दुसरी वाट बाहेरून, क्रीडा कोट्यातली. इथे लोक प्रमाणपत्राला भुलतात. राज्यस्तराचं प्रमाणपत्र तिचा संघ कुठवर पोचला ते सांगतं, ती कोर्टवर किती उभी होती ते नाही. म्हणून जिमखान्यात तीनच प्रश्न विचारा: ती कोणत्या जागेवर खेळायची, पहिल्या सहांत होती का, आणि राहणार कुठे. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मुंबई विद्यापीठाची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. रत्नागिरीहून आलेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ऑगस्टपर्यंत ती टिकणं कठीण. फी भरून प्रवेश पक्का होईपर्यंत नाव पेन्सिलीनेच लिहा.

सराव सामने साधारण जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. तेव्हा मातीच्या कोर्टवर चिखल असतो, म्हणून सामना हॉलमध्ये, आणि हॉल बॅडमिंटनवाल्यांशी वाटून घेतलेला. वेळ त्याच दिवशी सकाळी पुन्हा विचारून घ्या. लेक्चर संपवून, लोकल पकडून मुली येतात, त्यामुळे चारचा सामना पाचला सुरू होतो. तरी तुम्ही चारलाच जा, वॉर्म-अप पाहायचा आहे.

पोचल्यावर पहिली नजर नेटवर. मुलींची नेट मध्यभागी २.२४ मीटर हवी, मुलांची २.४३ असते. आधी मुलांचा सराव झाला असेल आणि नेट नीट उतरवली नसेल, तर त्या दिवशीचे स्मॅशचे आकडे वहीत घेऊच नका. नेट मधे झोळ खाल्लेली असेल तरीही तेच. नेटवर अँटेना लावलेल्या असतील तर फार उत्तम. त्यांचे लाल-पांढरे पट्टे १०-१० सेंटिमीटरचे असतात आणि नेटच्या वर असे आठ पट्टे येतात. अँटेनाजवळ ब्लॉकला उडालेल्या मुलीची बोटं कितव्या पट्ट्याला पोचली ते मोजा. उभ्याने हाताची पोच २.१० आणि उडी ४० सेंटिमीटर असेल तर बोटं २.५० वर जातात, म्हणजे अडीच पट्ट्यांच्या जरा वर. इतकं जमलं की मनगट नेटच्या वर येतं आणि तळवे पलीकडे झुकवता येतात. उंच पण उशिरा उडणारी मुलगी इथेच उघडी पडते.

सामना सुरू झाला की स्मॅशवरून डोळे काढा. हे जड जातं, पण संघाचं खरं बळ सर्व्हिस उचलण्यात आहे. समोरच्या प्रत्येक सर्व्हिसला उचलणारीच्या नावापुढे ० ते ३ गुण द्या. बॉल नेटजवळ सेटरच्या हातात, तिन्ही पर्याय (डावं टोक, मध्य, उजवं टोक) खुले: ३. सेटरला दोन-तीन पावलं पळावं लागलं, मिडलचा पर्याय गेला: २. कसाबसा उंच बॉल एका टोकाला द्यावा लागला: १. एस (सर्व्हिसवरच थेट गुण गेला) किंवा बॉल वाया: ०. वीस रिसिव्हमध्ये ३६ गुण म्हणजे सरासरी १.८, मोसमाच्या सुरुवातीला ठीक. पण मुलींप्रमाणे फोड करा. नव्या मुलीचे ८ रिसिव्ह आणि १० गुण असतील तर तिची सरासरी १.२५, बाकीच्यांची २.१७. समोरचा कोच हे दुसऱ्या सेटमध्ये ओळखतो आणि प्रत्येक सर्व्हिस तिच्यावर टाकायला लावतो.

दुसरी नोंद: सलग तीन गुण गेले की सेटर कितव्या जागेवर होती तो आकडा लिहा (मागचा उजवा कोपरा १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने ६ पर्यंत). ती मागे म्हणजे १, ६, ५ वर असताना पुढे तीन अ‍ॅटॅकर असतात. ४, ३, २ वर असताना दोनच. तरीही पुष्कळ संघ सेटर १ वर असतानाच अडकतात. नेहमीच्या रचनेत तेव्हा युनिव्हर्सल (एरवी उजवीकडून मारणारी) डावीकडे ४ वर आणि आउटसाइड उजवीकडे २ वर असते. सर्व्हिस होईपर्यंत जागा बदलता येत नाही, म्हणून पहिला स्मॅश दोघींना सवय नसलेल्या बाजूने मारावा लागतो. उपाय सरावात सापडतो, त्यामुळे ही नोंद कोचनाही उपयोगी पडते.

सर्व्हिसमध्ये फक्त एस मोजू नका. तीन एस आणि सात चुका करणारी मुलगी चार गुण तोट्यात असते.

गुणफलकाचं काय? सराव सामन्यात बहुधा आधीच ठरलेलं असतं, निकाल काहीही लागो, चार सेट खेळायचे. नियमाप्रमाणे सेटमध्ये सहा बदल, इथे हवे तितके. तिसऱ्या सेटला पहिल्या सहांतल्या चौघी बाकावर दिसतील. म्हणून प्रत्येक सेटच्या वर सुरुवातीच्या सहा जणी आणि लिबेरो (फक्त मागे बचाव करणारी, वेगळ्या रंगाच्या जर्सीतली) लिहा. एकाच सहांनी खेळलेले सेटच एकमेकांशी ताडून पाहा.

व्हिडिओ काढायचा तर आधी कोचना विचारा, आणि बेसलाइनच्या मागून, उंचावरून काढा. बाजूने रोटेशन, म्हणजे जागांची फिरती, दिसत नाही. सरावात ज्युनिअर कॉलेजच्या मुलीही असतात, अठरा न झालेल्या. त्यांचे चेहरे किंवा नावं ग्रुपवर टाकू नका. त्यांना जर्सीच्या नंबरने ओळखा, वहीतही त्यांचे नंबरच लिहा, आणि पुढच्या सामन्याला तीच वही न्या.